तिसरी तार

आमच्या वायमेआत, बेटावरच्या या गुराख्यांच्या गावात, गिटार वाजवून झाली की ती खाली ठेवण्याआधी खुंट्या पिळून सगळ्या तारा सैल करतात, कारण तारा लावायची प्रत्येक घराची रीत वेगळी आणि ती शेजाऱ्याच्या कानावर पडली तरी हाती लागू द्यायची नसते. आमच्या घरची रीत एकट्या पिलिपोदादाला ठाऊक होती. मी मागितली की म्हणायचा, “केपा, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. थांब जरा.” मी थांबलो, आणि तो कावाइहाएच्या बंदरात गुरं पोहवत जहाजापाशी नेताना बुडाला. घोडा तेवढा परत आला.

वर्ष भरलं की आमच्यात आसवांचं जेवण घालतात. नाव तसं असलं तरी त्या दिवशी कुणी रडायचं नसतं. डुक्कर जमिनीत भाजायचं, नाचायचं, आणि गेलेल्याचं गाणं घरच्याच माणसाने वाजवायचं. ते वाजलं नाही तर त्याच्याबरोबर गेलं असं धरतात, आणि मग ते पुन्हा कुणी काढत नाही.

महिनाभर आधी म्हातारे कालुनाकाका कुंपणाशी येऊन उभे राहिले. “नाहीच जमलं तर मी बसतो रे. साध्या सुरात वाजवीन. तुझा भाऊ थोडाच ऐकायला येणार आहे?”

“तुम्ही बसलात तर गिटार डोक्यात घालीन, काका.”

“घाल की. पण आधी लावून तरी घाल.”

दुसऱ्या दिवशी गुरांकडे जाण्याआधी मी सगळं गाव लावतं तशा तारा लावल्या, दादाचं गाणं काढलं, ते त्याचं वाटेना, तेव्हा चिडून गिटार तशीच खाटेवर टाकली आणि निघून गेलो. दुपारी परत आलो तर पाच तारा ताठ होत्या आणि तिसरी सैल पडली होती.

आईला विचारलं. ती दिवसभर ओढ्यावर होती. “त्याच्या वस्तूला मी कशाला हात लावू?”

खुंटी झिजली असेल म्हणून मी नवी बसवली, तरी दुपारी तिसरी सैलच. मग तिला वर चढवून पाहिलं, दुसरीच्या सुरात आणून पाहिलं, रोज दुपारी ती लोंबत असायची. एकदा घाईत पाचवीही चुकीची लावली गेली, आणि त्या दुपारी दोन तारा सैल निघाल्या. मी खाटेच्या काठावर बसून हसत सुटलो. किती महिन्यांनी हसलो, देव जाणे. दादाची शिकवायची तऱ्हाच ती. घोड्यावर बसायला शिकवताना माझं चुकलं की तो न बोलता खोगीर उतरवून ठेवायचा, आणि बरोबर असलं की नुसता गप्प राहायचा.

त्यानंतर मी रोज पळत घरी यायचो. दादा गेल्यापासून कुणाला पाठीवर न घेणारा त्याचा घोडा मला पाहून मान खाली घालू लागला. आईने माझ्या डब्यात खारवलेल्या मासळीबरोबर दादाला लागायचा तसा कच्चा कांदा घातला, जो मी जन्मात तोंडात धरला नव्हता, आणि तो मी चवीने खाल्ला.

जेवणाला दोन दिवस उरले तेव्हा मला एकदम सुचलं की ती षड्जावरची तार आपण खाली उतरवून पाहिलीच नाही. कोमल निषादावर आणली, सहाही तारांवरून अंगठा फिरवला, आणि अंगावर काटा आला. त्या मेळात कुठे टेकणंच नव्हतं. हाक मारून दारात उभ्या राहिलेल्या माणसासारखा तो पुढच्या सुराची वाट पाहत होता. दुपारी आलो तेव्हा तिसरी तार ताठ होती.

जेवणाच्या दिवशी मी सगळ्यांकडे पाठ करून बसलो आणि वाजवलं. पहिल्याच फेरीला बायका उठून नाचायला लागल्या, गुराख्यांनी टोप्या उडवल्या, आणि कालुनाकाका टोपी छातीशी धरून ओरडले, “गेलं नाही! अरे, गेलं नाही ते!” लोकांनी चार वेळा वाजवायला लावलं, आणि चारही वेळा माझी बोटं माझ्या आधी पुढच्या सुरावर पोचलेली होती. एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. वर्षभर छातीवर बसलेलं ओझं कुणीतरी उचलून नेलं होतं.

कालुनाकाका शेजारी टेकले. “कुणी शिकवलं?”

“आमच्या घरचंच आहे, काका. शिकवायचं काय त्यात?”

मी तारा सैल केल्या आणि गिटार ठेवली. आईने हसत हसत कुटलेल्या अळकुड्यांच्या पोईचं भांडं आणि मांसाचं पान माझ्यापुढे ठेवलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

“पोटभर जेव, पिलिपो. आणि तो केपा कुठे उलथलाय? सकाळपासून दिसला नाही.”

खरंच, इतक्या गर्दीत मलाही तो कुठे दिसला नव्हता. रुसला असेल म्हणून मी पानावरून उठलो, कुंपणापर्यंत गेलो आणि कुरणाकडे तोंड करून मोठ्याने हाक मारली.

“केपा, ये रे! आज तुलाही शिकवतो.”