गिदोनकडची कॉफी

माझा भाऊ वजदी लोकांना हसवून पोट भरतो. 'पातळ भिंत' ही त्याची मालिका शनिवारी संध्याकाळी लागते. ज्यूंच्या वस्तीत राहायला गेलेलं एक अरब कुटुंब आणि त्याला आधी घाबरणारे, मग जपून जपून प्रेम करणारे शेजारी, असा सगळा मामला. वजदी दोन्हीकडच्यांना सारखंच सोलतो, म्हणून दोन्हीकडचे त्याला शिव्या घालतात आणि दोन्हीकडचे न चुकता बघतात. तो स्वतःही तसल्याच वस्तीत राहतो, आमच्या गावासमोरच्या टेकडीवर.

त्या शनिवारी तो बायको आणि छोट्या लेकीला, लयानला, घेऊन घरी आला. हातात कुनाफा मिठाईचं ताट. "बाबा, आजचा भाग तुमचा आहे," म्हणाला. बाबा इतके हरखले की त्यांनी हाजी मिस्बाह आणि अबू घालेब या आपल्या दोन जुन्या मित्रांना बोलावून घेतलं. बाबांना हसू येईल, अशी वजदीची खरोखर समजूत होती. हुशार माणसं कधीकधी इतकी बिनडोक कशी असतात, देव जाणे.

पडद्यावर डोक्याला रुमाल बांधलेले तीन म्हातारे ज्यू शेजाऱ्याच्या सोफ्यावर ओळीनं बसले होते. शेजाऱ्यानं कॉफी ठेवली. एकानंही हात लावला नाही. शेजाऱ्यानं साखर आणली, मग दूध, मग डबा आणून त्यावरचं सगळं वाचून दाखवलं. शेवटी घाबरून त्यानं स्वतःच एक घोट घेतला, विष नाही हे दाखवायला. तेवढ्यात आतून त्याच्या बायकोनं पोलिसांना फोन लावला: "तीन अरब आलेत हो. कॉफीच पीत नाहीत!" स्टुडिओतले प्रेक्षक खो खो हसले. मीही हसले.

हाजी मिस्बाह हसले नाहीत. "अरे नायफ," ते बाबांना म्हणाले, "हे तर आपण."

"तू पोराला सांगितलंस?" अबू घालेबनी बाबांना विचारलं.

"मी? मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही, अल्ला तिला जन्नत देवो."

"गिदोननं सांगितलं मला," वजदी म्हणाला. अजून हसतच होता. "म्हणाला, तुझे बाबा आले होते, माझी कॉफी वाईट होती का रे?"

मग मला उलगडा झाला. गेल्या उन्हाळ्यात वजदीच्या वस्तीतल्या बालवाडीनं लयानला घेतलं नाही. जागा नाही म्हणे. पालक समितीचा अध्यक्ष हा गिदोन. वजदी आम्हाला म्हणाला, मलाच तिला गावातल्या बालवाडीत घालायचंय, अरबी पक्कं व्हायला हवं तिचं. आम्ही ते खरं मानल्यासारखं केलं. बाबांनी मात्र गुपचूप लग्नातला सूट काढला आणि या दोघांना घेऊन गिदोनचं दार वाजवलं.

आमच्याकडे मागणं घेऊन गेलेला माणूस समोरची कॉफी उचलत नाही. यजमानानं विचारायचं असतं, "का घेत नाही?" मग मागणं सांगायचं. यजमान म्हणतो, "घ्या, झालं तुमचं काम," आणि मगच कप तोंडाला लागतो. अशा कपांवर आमच्या गावात खून माफ झालेत. गिदोननं विचारलं, "साखर हवी?" त्यावर काय बोलायचं, हे आमच्या वाडवडिलांनी कुणाला शिकवलेलं नाही. तिघं बसले, कॉफी गार झाली, तिघं उठले.

"आम्ही तुझ्या पोरीसाठी बसलो होतो रे," हाजी म्हणाले.

वजदीचं हसू ओसरलं. "ठाऊक होतं, काका."

"ठाऊक होतं?" बाबा म्हणाले.

"बाबा, विनोद तुमच्यावर नव्हता. गिदोनवर होता."

"असेल. पण लोक हसले ते आमच्यावर."

माझे कान तापले होते. तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम मोठ्या आवाजावर असतो. गिदोन होता.

"नायफ! आत्ताच बघितलं मी! मला वाटलं होतं, माझी कॉफीच भिकार! भागाच्या शेवटी सांगितलं, तेव्हा कळलं. माझी बायको इथे रडतेय. अहो, काय मागायला आला होतात? आत्ता मागा!"

माणूस वाईट नव्हता. तेच तर अवघड झालं.

बाबा उभे राहिले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं, जणू गिदोन समोरच बसलाय. "माझी नात," ते त्यांच्या शाळेतल्या हिब्रूत म्हणाले, "चार वर्षांची आहे. तुमच्या बालवाडीत..." आवाज इतका बारीक झाला, की हे माझे बाबा आहेत असं मला वाटेना. लयान खाली गालिच्यावर बसून कुनाफ्यातले पिस्ते वेचत होती.

वजदी झटक्यात फोनवर वाकला. "गिदोन, ऐकू नकोस त्यांचं! तुझ्या सासूला मागणी घालायला आले होते, आमच्या हाजींसाठी!"

गिदोन असा हसला की फोन फाटतो की काय. "सासू? आजच घेऊन जा! नायफ, खरंच?"

बाबांनी वजदीकडे बघितलं. मग ते फोनमध्ये हसले. "हो," म्हणाले. "सासूच."

मलाही हसू आलं. देवाशपथ आलं. हाजींनाही आलं, त्यांनी तोंडावर रुमाल धरला. फोन बंद झाला.

"मला बघवत नव्हतं, बाबा," वजदी म्हणाला. "तुम्ही असं मागताना."

"मागत मी होतो. लाज तुला कसली वाटली?"

वजदीनं रिमोट उचलून टीव्ही बंद केला. त्याची बायको उठून एकटीच गच्चीवर गेली.

बाबा गुडघे धरत गालिच्यावर लयानजवळ बसले. "पोरी, तुझी शाळा आजोबांनी घालवली," ते म्हणाले. "तो विचारत होता, आणि मी 'हो, सासूच' म्हणालो."

लयाननं त्यांच्या हातावर एक पिस्ता ठेवला आणि विचारलं, सासू म्हणजे काय.