एकाच बाजूने गेलेल्या दोन तारा

या, असे थोडे पुढे सरकून बसा. मागे बसलात तर निम्मे ऐकाल आणि निम्मे मनाने भराल, आणि आजची गोष्ट नेमकी तसे करणाऱ्या माणसाची आहे. गोष्ट गोड नाही, आधीच सांगतो. हिच्यात भांडण आहे, टोमणे आहेत, एका भल्या माणसाची गिऱ्हाइकासमोर झालेली फजिती आहे. पण ऐका. आणि शेवटी मी तुमच्याकडे एक मागणे मागणार आहे, ते मात्र नाही म्हणू नका.

तर सकाळचे साडेदहा झालेले. दोन गाड्या जेमतेम मावतील असे पत्र्याचे दुकान. भिंतीवर तारांची वेटोळी, फळीवर ओळीने मांडलेले स्पीकर. दुकान दोघा भावांचे, गाड्यांमध्ये गाण्याची यंत्रे बसवणाऱ्यांचे. आणि दारात गाडी आडवी घालून, इंजिन चालूच ठेवून, वकीलबाई खाली उतरलेल्या.

"कोणी केलंय हे काम?"

"काय झालं बाई?" धाकटा गल्ल्यामागून उठला. "काल तर चांगली चालत होती."

"काल मी घाईत होते. घरी जाताना ऐकलं. गाण्याच्या मागे कुणीतरी किंचाळतंय. पाय दाबला की वरच्या पट्टीत, सोडला की खालच्या. माझ्या गाडीत डास कोंडलाय तुम्ही, म्हशीएवढा."

धाकट्याने दुकानाच्या मागच्या भिंतीकडे बघितले. भिंतीपाशी थोरला स्टुलावर बसून एका स्पीकरची तार सोलत होता. धाकटा त्याच्याकडे न बघता भिंतीलाच म्हणाला, "कुणीतरी पत्र्याचा रंग नीट खरवडला नसेल. अर्थिंगची तार पत्र्याला धड टेकली नसेल."

थोरला स्पीकरला म्हणाला, "कुणीतरी तोंड चालवण्याआधी स्क्रू फिरवावा."

वकीलबाईंनी एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे. "हा कुणीतरी कोण? तिसरा भागीदार आहे का? मग त्यालाच बोलवा, मला त्याच्याशीच बोलायचंय."

आता हा कुणीतरी कोण, ते तुम्हाला सांगायला हवे. चौदा महिने झाले, हे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. जे काही सांगायचे ते 'कुणीतरी'ला सांगायचे, आणि दुसऱ्याने ते ऐकायचे. कुणीतरी पक्कड द्यावी. कुणीतरी दिवा धरावा. एका छपराखाली, एका गाडीत डोके घालून चौदा महिने. देवाने माणसाला जीभ दिली ती नामासाठी, पण माणूस तिला कुलूप घालतो आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवून हिंडतो.

झाले होते असे. काम संपले की गाडी शेवटी ऐकून बघायची ती थोरल्याने, हा वडिलांपासूनचा रिवाज. पण धाकट्याला शंका यायला लागली होती. दुकानातली घंटा वाजली तरी दादा मान वर करत नाही. वहिनी त्याला हाक मारायच्या ऐवजी दंडाला हात लावते. म्हणून एकदा थोरल्याने गाडी ऐकून झाल्यावर धाकट्याने, गिऱ्हाईक उभे असताना, पुन्हा खिडकीत डोके घालून ऐकले. थोरल्याच्या मस्तकात तिडीक गेली. "माझ्यामागून कान लावणारा तू कोण? बाबा गेले ते माझ्या हातात. तू कुठे होतास तेव्हा?"

धाकटा तेव्हा औषध आणायला धावला होता. आणि थोरल्याला ते पक्के ठाऊक होते.

"ठीक," धाकटा म्हणाला होता. "आजपासून तुझ्यामागून कान लावला तर बाबांचं नाव लावणार नाही." त्यानंतर थोरला गाडी ऐकायला बसला की धाकटा दुकान सोडून रस्त्यावर जाऊन उभा राहायचा.

आता काल काय झाले ते. वकीलबाईंची गाडी नवीन, आत कंपनीचाच स्टिरिओ. त्याचा आवाज पातळ, पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखा. बाईंना मागे सबवूफर हवा होता, खालचा भरदार आवाज देणारा मोठा स्पीकर. पण अट अशी, की कंपनीच्या स्टिरिओला हात लावायचा नाही आणि एक तार डोळ्यांना दिसता कामा नये. "दिसली तर मी काय करते ते कोर्टात विचारून या," असे म्हणून त्या गेल्या होत्या.

कंपनीच्या स्टिरिओला सबवूफरसाठी वेगळी वाट नसते. मग त्याच्या मागे स्पीकरांकडे जाणाऱ्या तारांतून हलकेच आवाज उचलायचा, एका छोट्या डबीतून तो सौम्य करायचा आणि बारीक तारेने डिकीतल्या अँप्लिफायरपर्यंत न्यायचा. तिथून तो सबवूफरला आणि मागच्या दोन स्पीकरांना जातो. अँप्लिफायरला लागणारी वीज मात्र थेट बॅटरीवरून, जाड लाल तारेने आणायची. वडिलांचा नियम होता: वीज एका बाजूने, आवाज दुसऱ्या बाजूने. "दोघं शेजारी निजले," ते म्हणायचे, "की वीज रात्रभर कण्हते आणि आवाजाला झोप लागत नाही." म्हणजे इंजिनाबरोबर चढणारी-उतरणारी विजेची कुरकुर गाण्यात शिरते.

विजेची तार थोरला टाकायचा, आवाजाची धाकटा. बोलणे होते तेव्हा थोरला बॉनेटमधून ओरडायचा, "डावी," आणि आतून धाकटा उत्तर द्यायचा, "माझी उजवी." अबोला झाला तशी ही हाळीही थांबली. तरी अडले नाही, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांची बॅटरी डावीकडे. विजेची डावी, आवाजाची उजवी हे हातांनाच पाठ झालेले.

असो. वकीलबाई दारात उभ्या आहेत, त्यांना ताटकळत ठेवून चालणार नाही.

"काल शेवटी ऐकून कोणी बघितली?" त्यांनी विचारले.

"मी," थोरला उठला.

"आणि हा आवाज आला नाही तुम्हाला?"

"काल नव्हता."

"आज आहे का बघा. बसा."

थोरला पुढे बसला, बाई चाकामागे. धाकटा खिडकीशी येऊन उभा राहिला. बाईंनी गाणे लावले, आवाज वाढवला. मागून सबवूफरची धडधड सीटमधून थोरल्याच्या पाठीत शिरली. गाणारीचा आवाज आला, जरा बोथट, पण आला. त्याच्यावर जिथे काहीतरी किंचाळत असायला हवे होते, तिथे त्याला काहीच नव्हते. पांढरी, कोरी भिंत. खरे सांगायचे तर ती भिंत दोन वर्षांपासून होती, आणि तिच्याकडे तो पाठ करून बसला होता.

"येतोय?" बाईंनी विचारले.

थोरल्याने त्यांच्या पायाकडे बघितले. पाय दबलेला होता.

"येतोय."

"आता?" पाय उचलला.

"आता उतरला."

"आणि आता?" पाय पुन्हा खाली गेला.

"वाढला. चांगलाच वाढला."

बाईंनी गाणे बंद केले. "मिस्त्री, या वेळी मी पाय नुसता ठेवलाय. दाबलाच नाही."

सबवूफरच्या धडधडीत इंजिनाची थरथर बुडून गेली होती. नाहीतर चौतीस वर्षे गाड्यांत काढलेल्या माणसाला बुडाखालूनच समजले असते. त्याच्या हातच्या चोख कामानेच त्याला उघडे पाडले.

मांडीवर पालथे ठेवलेले हात त्याने उलटे केले, जणू त्यांच्यावर काही लिहिलेले सापडेल.

धाकट्याने या घटकेची चौदा महिने वाट पाहिली होती. ती आली, आणि त्याने ती सोडली नाही. "बघा बाई. मी सांगायला गेलो तर मी वाईट. कुणाकुणाला येत नाही ऐकायला, पण कबूल करायला जीव जातो."

"तुम्हाला येतं ना?" बाईंनी मान वळवली. "मग गाडी माझ्या हातात देताना तुम्ही का नाही ऐकलीत?"

"त्यांच्यामागून ऐकायचं नाही अशी शपथ आहे."

"कुणाची?"

"माझीच."

"वा. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला ऐकायचं नाही, आणि मधल्यामध्ये माझी गाडी. तुम्हा दोघांपेक्षा घटस्फोटवाले बरे, ते निदान वकिलामार्फत तरी बोलतात." त्या खाली उतरल्या. "मी इथेच बसणार. डास काढल्याशिवाय मी हलत नाही." आणि थोरल्याचे स्टूल ओढून, मांडीवर कागद घेऊन त्या बसल्या.

दोघे कामाला लागले. धाकट्याने उजव्या दाराखालची पट्टी उघडली. त्याची बारीक तार तिथे होती, आणि तिच्या अंगाला अंग लावून काळ्या कापडी पट्टीत गुंडाळलेला एक जुडगा.

"हा कंपनीचा," धाकटा स्वतःशी म्हणाला. "काल पण होता."

थोरल्याने वाकून अंगठ्याच्या नखाने काळी पट्टी जराशी फाडली. आतून लाल रंग डोकावला.

दोघेही त्या लाल तारेकडे बघत राहिले. या गाडीची बॅटरी उजवीकडे होती. थोरल्याने काल वीज उजवीकडून आणली, आणि तार दिसू नये म्हणून ती कंपनीच्या जुडग्यासारखी गुंडाळली, इतकी हुबेहूब, की सख्ख्या भावालाही ओळखू येऊ नये. आणि धाकट्याने नेहमीप्रमाणे आवाज उजवीकडूनच नेला. एक शब्द, मंडळी. 'उजवी' एवढा एकच शब्द काल कोणी तोंडातून काढला असता, तर.

"कुणीतरी सांगायला हवं होतं," धाकटा म्हणाला.

"कुणीतरी विचारायला हवं होतं."

"मी माझी तार हलवणार नाही. माझी उजवी, ती नियमाने आहे."

बारीक तार हलवणे अर्ध्या तासाचे काम. जाड तार हलवायची तर बॉनेटपासून डिकीपर्यंत सगळे उघडायचे, दोन-अडीच तास. थोरल्याने वाद घातला नाही. त्याने बॅटरीची तार सोडली, फ्यूज काढून खिशात ठेवला आणि स्वतःची तार हातहात मागे ओढायला लागला. मग ती इंजिनाच्या कडेने डावीकडे नेऊन तो डॅशबोर्डखाली उताणा शिरला. बाहेर फक्त गुडघे दिसत होते.

धाकटा तार पुढे सरकवत होता. गुडघ्यांच्या पलीकडून आवाज आला, "औषध आणायला गेला होतास तू. मला माहीत होतं."

तार थांबली.

"माहीत होतं म्हणूनच लागलं," धाकटा म्हणाला. पण खालच्या माणसाला ते ऐकू गेले की नाही, कोण जाणे. धाकट्याला आज पहिल्यांदाच कळले, की आपण इतके दिवस जे पुटपुटलो त्यातले किती त्या कानांपर्यंत पोचलेच नसेल. त्याने तार पुन्हा सरकवायला सुरुवात केली, जरा जास्तच जोराने.

दीड वाजता सगळे जागेवर बसले. थोरल्याने हात पुसले आणि पुढचे दार उघडून बाजूला झाला. "तू ऐक," तो धाकट्याला म्हणाला. कुणीतरीला नव्हे. त्याला.

धाकटा क्षणभर घुटमळला, मग बसला. इंजिन सुरू केले, गाणे लावले, पाय दाबला, सोडला, पुन्हा दाबला. "गेला," तो काचेतून बघत म्हणाला. "स्वच्छ आहे."

"स्वच्छ असेल, पण भरीव नाही." थोरला मागे गेला होता आणि त्याने तळहात डिकीच्या झाकणावर टेकला होता. डोळे मिटलेले. "सबवूफर उलटा जोडलाय. मागचे स्पीकर पुढे ढकलतात तेव्हा हा मागे ओढतो."

"ठीक तर वाजतोय."

"तुझ्या कानाला ठीक असेल. माझ्या हाताला नाही."

त्याने डिकी उघडली. परत बसवताना धाकट्यानेच घाईत अदलाबदल केलेल्या दोन तारा सोडवून सुलट जोडल्या. गाणे तेच, आवाजाचे बटण तिथेच. पण गाडीच्या पोटातून काहीतरी उठले, दाट आणि गोल, जसा भरल्या सभेत शेवटच्या ओळीला सगळ्यांचा आवाज एक होऊन उठतो तसा. डॅशबोर्डवर ठेवलेला बाईंचा चष्मा थरथरला.

बाई आत बसल्या, पूर्ण मिनिटभर ऐकले, पाय दाबून बघितला. "हे काल असतं तर माझी आजची तारीख चुकली नसती," एवढेच बोलल्या आणि निघून गेल्या. आभार नाहीत, काही नाही.

धाकट्याने पडलेली हत्यारे गोळा करायला घेतली.

"कानाच्या डॉक्टरकडे जा," धाकटा म्हणाला.

"जाईन."

"जाईन नाही. उद्या."

"उद्या, म्हटलं ना."

राग काही गेला नव्हता. चौदा महिन्यांचा राग अडीच तासांत जात नाही. तुम्हा-आम्हाला कथेत तो जायला हवा असतो, पण मी खोटे सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी धाकट्याने त्याला डॉक्टरकडे नेले, वाटेत दोनदा भांडले. डॉक्टर म्हणाले, वरच्या पट्टीचा आवाज गेला तो गेला. कानातल्या यंत्राने थोडे ऐकू येईल. त्या दिवसापासून गाडी शेवटी ऐकायला धाकटा बसू लागला, आणि वडिलांची ती जागा थोरल्याने परत कधी मागितली नाही. तो डिकीपाशी उभा राहायचा, तळहात टेकून.

पण एक गोष्ट बदलली. पुढची गाडी आली, थोरला बॉनेटमध्ये वाकलेला. धाकटा आतून ओरडला नाही. तो मुद्दाम उतरून पुढे आला, बॉनेटवर दोनदा थाप मारली आणि थोरला वर बघेपर्यंत थांबला, त्याला ओठ दिसावेत असा समोर उभा राहून. कपाळावरची आठी होती तशीच होती.

"दादा," तो म्हणाला, "डावी की उजवी?"

थोरल्याने ग्रीसने माखलेला डावा हात वर केला.

तर आता माझे मागणे. कधीतरी चौकात तुमच्या शेजारी एखादी गाडी येऊन थांबेल. आतून अशी धडधड येईल की तुमच्या काचा हादरतील, आणि तुम्ही शिव्या द्याल. द्या, तुमचा हक्क आहे. पण शिवी देऊन झाली की तळहात आपल्या दारावर टेकवा. जे उमटेल ते क्षणभर हाताने ऐका, आणि त्या थोरल्याची आठवण काढा.