आठ, नऊ, दहा

“सात,” मास्तर म्हणाले.

“अहो, सात मघाशीच झाले की!”

“मघाशी कंबर वाकली. ते धरलं नाही.”

“मग आत्ताचं?”

“आत्ताचं सात.”

कात्रीताईंनी दोन्ही डंबेल खाली ठेवले आणि आरशातूनच मास्तरांकडे डोळे वटारून पाहिलं. त्या बायकांचे केस कापायच्या. वीस वर्षं दिवसभर हात उचलून उभं राहिल्यामुळे दुपारनंतर त्यांचे खांदे भरून यायचे, म्हणून त्या व्यायामशाळेत आल्या होत्या. इथे सगळे त्यांना कात्रीताईच म्हणत. हे नाव त्यांच्या हातापेक्षा जिभेला जास्त शोभतं, असं मास्तरांचं मत होतं.

मास्तरांचा एक खाक्या होता. चुकलेली फेरी ते मोजतच नसत. कोपर अंगाच्या मागे गेलं, खांदा कानाकडे चढला, वजन हिसक्याने वर गेलं, की आकडा जागच्या जागी थांबायचा. समोरचा घामाघूम होऊन जीव काढतोय आणि मास्तर आपले शांतपणे, “पाच... पाच... अहो, पाचच.” लोक वैतागायचे, पाठीमागे शिव्या घालायचे. पण तीस वर्षांत त्यांच्यासमोर एकाचाही खांदा दुखावला नव्हता आणि त्याचा त्यांना जरा जास्तच गर्व होता. आता बिचाऱ्याला दुसरं होतं तरी काय गर्व करायला?

जुने मालक वारले आणि कारभार त्यांच्या जावयाकडे आला. सगळे त्याला तोंडावर साहेब आणि मागे जावईबापू म्हणत. त्याने एक दिवस मास्तरांना आत बोलावलं.

“मास्तर, लोक आधीच दमूनभागून येतात. त्यांना इथे जरा बरं वाटायला नको? तुम्ही तर रोज नापास करता एकेकाला.”

“चुकीचं उचललं तर खांदा जातो, साहेब.”

“कुणाचा गेलाय? सांगा ना एक तरी.”

कुणाचाच गेला नव्हता. का गेला नव्हता, हे या शहाण्याला कोणत्या भाषेत सांगायचं?

“चार जण सोडून गेले या महिन्यात. ती कात्रीताईही कुरकुरत होती. जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसरा ट्रेनर बघतो.”

अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस काय सांगणार, कपाळ? घरी त्यांनी बायकोपुढे सगळं ओकलं. ती कपडे वाळत घालत होती. मागे वळूनही न बघता म्हणाली, “तोंडाने आकडा म्हणायला तुमचं काय जातंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी कात्रीताई आल्या. नेहमीचे चार-चार किलोचे डंबेल घेऊन उभ्या राहिल्या आणि खांद्यापासून डोक्यावर नेऊ लागल्या. सातपर्यंत सगळं सरळ, सुरेख. आठव्याला कंबर मागे वाकली आणि उजवं कोपर पार पाठीकडे गेलं. मास्तरांच्या ओठांवर ‘सात’ आलंच होतं. पण दारात जावईबापू हाताची घडी घालून उभा होता.

“आठ,” मास्तर म्हणाले.

कात्रीताईंनी दचकून आरशात पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा काही फुलला, की मास्तरांनाही क्षणभर बरं वाटलं. पुढच्याला वजन नुसतं हिसक्याने वर गेलं.

“नऊ.”

“शाब्बास, ताई!” दारातून आवाज आला.

“दहा,” मास्तर म्हणाले, आणि त्याच वेळी ‘आई गं!’ करून कात्रीताई खाली बसल्या. उजव्या हातातला डंबेल जमिनीवर आपटून बाकाखाली गेला.

खांद्याच्या आतला स्नायू वर्षानुवर्षं झिजत आलेला होता, तो त्या हिसक्याने फाटला. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं, पण हात पूर्वीसारखा वर जाईलच असं नाही, हेही सांगून टाकलं. जावईबापू म्हणाला, “वयच झालं होतं हो त्यांचं.” मास्तरांची नोकरी शाबूत राहिली. कुणी अंगावर थुंकी टाकावी तशी.

तीन महिन्यांनी, धीर गोळा करून, ते कात्रीताईंच्या दुकानात गेले. कात्री आता त्यांच्या नणंदेच्या हातात होती. कात्रीताई बाकावर बसल्या होत्या.

“या, या मास्तर! बरं झालं आलात. लोक काय वाटेल ते बोलतात हो. मी एकेकाला ठणकावून सांगते, मास्तरांना बोल लावायचा नाही. असा कडक माणूस! माझं चुकलं असतं तर मोजलं असतं का त्यांनी?”

गप्प बसून काढता पाय घेता आला असता. तेवढंही त्यांच्याने झालं नाही.

“ताई, ते दहा नव्हते. सातच होते. पुढचे तीन मी खोटे मोजले.”

कंगवे पुसणारा नणंदेचा हात थांबला. कात्रीताई रडल्या नाहीत, की ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

“आठव्यालाच खांद्यात कळ आली होती, मास्तर,” त्या हळू म्हणाल्या. “मी थांबणारच होते. पण तुम्ही आठ म्हणालात. मला वाटलं, मास्तर मोजताहेत म्हणजे दुखणंच खोटं असेल.”

तेवढ्यात दार ढकलून एक बाई आत आल्या आणि थेट खुर्चीत बसल्या. “ताई, आज तुम्हीच कापा हं. किती दिवसांनी सापडलात!”

“कापेल ना ही. हात छान आहे तिचा,” असं म्हणत कात्रीताई उठल्या आणि बाईंच्या अंगावर कापड टाकून मानेमागे गाठ मारायला गेल्या. डावा हात पोहोचला. उजवा छातीपाशीच अडला. नणंदेने काही न बोलता त्यांच्या बोटांतून ती टोकं घेतली आणि गाठ मारली.

कात्रीताई बाजूला झाल्या. अजून एक केसही खाली पडला नव्हता, तरी कोपऱ्यातला झाडू डाव्या हातात घेऊन त्या जमीन झाडू लागल्या.