नबीच्या दुकानातला चिंचेचा ठोकळा

मी एक जुना ठोकळा आहे, मित्रांनो. तलवाड्यात नबीचे मटणाचे दुकान आहे, तिथे दाराशीच माझी जागा. मला पाहून मुले नाक मुरडतात. मुरडा खुशाल! घरोघरच्या रश्शाची सुरुवात माझ्यापासूनच होते.

नबीच्या वडिलांनी मला चिंचेच्या खोडातून कापून आणले. "चिंचंचं लाकूड हाय, लई टिकतंय," असे म्हणत ते माझी पाठ थोपटत आणि रोज संध्याकाळी मीठ लावून मला घासत. तेव्हा माझा रुबाब होता. आता मी मधे खोलगट झालो आहे आणि मीठही नबीला आठवले तरच मिळते.

समोरच्या घरात आश्रुबा आणि त्याची बायको मुक्ताबाई राहत. त्यांच्याकडे दोन म्हशी होत्या आणि पवळी नावाची कुत्री होती. मूलबाळ नव्हते, त्यामुळे मुक्ताबाईचा सगळा जीव पवळीवर. म्हशींचे दूध गावच्या सहकारी दूध संस्थेत जाई आणि ताकात कुस्करलेली भाकरी पवळीला मिळे. दोन हजार बाराच्या दुष्काळात चारा संपला, म्हशी विकाव्या लागल्या, संस्थेलाही टाळे लागले. भाकरी माणसांनाच पुरेना. मग मुक्ताबाई वाटी घेऊन दुकानात येऊ लागली. गिऱ्हाईक नको म्हणे ते फुफ्फुस नबी तिला फुकट देई. त्यावर बऱ्याचदा पाण्याने भरलेले पांढरे फोड असत.

नबीची बायको शहजादी एकदा तिला म्हणाली, "उकळून देत जा की, मुक्ताबाई. कच्चं कावून देता?"

"उकळायला पाणी कुटलं, भाभी? टँकरचा पत्ता न्हाई. आमी दोघं एका घागरीत भागवतो. आन् कुत्र्याला कच्चंच मानवतंय म्हणतेत."

शहजादीच्या घरातही तेच हाल होते. कच्चे खाऊन पवळी तर चांगली धष्टपुष्ट झाली. मुक्ताबाई तिला कुशीत घेई, कुरवाळी आणि त्याच हाताने भाकरी मोडून खाई. ते पाहून मलाही बरे वाटे.

पुढे पाऊस झाला, पण म्हशी परत आल्या नाहीत आणि ती वाटीही सुटली नाही. काही वर्षांनी मुक्ताबाईच्या पोटात उजवीकडे दुखू लागले. अंबाजोगाईला दाखवून आल्यावर आश्रुबा माझ्याशेजारी मटकन बसला.

"लिवरमधी पाण्याचा गोळा हाय म्हणले," तो नबीला सांगू लागला. "फोडाचं कच्चं खाल्लं की कुत्र्याच्या पोटात जंत व्हतेत. जंताची अंडी कुत्र्याच्या घाणीतून त्याच्या अंगाला लागतेत आन् आपल्या हातानं आपल्याच पोटात जातेत. कुत्र्याला काई व्हत न्हाई, नबी. माणूस आतून सडतंय."

त्या दिवसापासून नबी फोडाचे फुफ्फुस कुणाला देईना, दुकानामागे पुरू लागला.

ऑपरेशन करायच्या आधीच गोळा आत फुटला आणि मुक्ताबाई गेली. जाताना तिने एवढेच विचारले म्हणे, "पवळीनं खाल्लं का?" मला त्या दिवशी फार वाईट वाटले. आश्रुबा परळीला भाच्याकडे निघाला, तेव्हा पवळीला त्याने दुकानासमोर आणून सोडले. "मारवत न्हाई आन् बघवतबी न्हाई," म्हणाला आणि एसटीत बसला.

मित्रांनो, कुत्र्यामांजरांना मटण द्याल तर उकळून द्या. फोड आलेले असेल तर खोल पुरा. गुरांच्या डॉक्टरांकडून कुत्र्यासाठी जंताची गोळी आणा, आणि जेवायच्या आधी हात धुवा. मी हे कळवळून सांगतो आहे, पण ठोकळ्याचे कोण ऐकणार?

काल नबी फोडाचे फुफ्फुस पुरायला कुदळ घेऊन मागे गेला. यंदाही पावसाने तोंड दाखवलेले नाही. जमीन कुदळ परतवत होती. वीतभर खड्डा झाला, तेवढ्यातच त्याने ते पुरले आणि वर माती लोटली. त्याची पाठ वळताच पवळीने ते उकरले आणि सगळे खाल्ले. ही काही पहिली खेप नव्हती. मग ती शेपटी हलवत दुकानात आली. नबीची लहानगी नात उंबऱ्यावर भाकरी खात बसली होती. पवळीने तिचे दोन्ही हात चाटले. पोर खुदकन हसली, आणि त्याच हाताने तिने पुढचा घास तोंडात घातला.