पत्र्याचं तोंड आईच्या खोलीकडे

दादा परगावी नोकरीला. दर रविवारी तो आईला व्हिडिओ कॉल करायचा आणि दर रविवारी त्याचा चेहरा चौकोन-चौकोन होऊन अडकायचा. राउटर पुढे माझ्या दुकानात, आई मागच्या खोलीत, मध्ये दोन जाड भिंती. गुडघ्यांमुळे तिला पुढे येववत नाही. "एकदा त्याला नीट बघू दे रे," ती म्हणायची. रोज तेच. शेवटी माझं डोकं फिरलं.

मी पत्र्याचं काम करतो. टाक्या, पन्हाळी, धुराडी. कुठेतरी वाचलं की अँटेनाच्या मागे वाकवलेला पत्रा लावला की सिग्नल एकाच बाजूला जोरात जातो. म्हटलं, हा तर आपल्या डाव्या हाताचा मळ. सकाळभर खपलो. कडा दुमडल्या, सांधे डाख देऊन पक्के केले, वर घट्ट झाकण बसवलं. राउटर आत ठेवला. होतं तेवढंही नेट गेलं.

बायकोने चारी बाजूंनी बघितलं. "छान झालंय. यात पाणी भरायचंय का?"

बोलायला काय जातंय. पण तिचं खरं होतं. तीस वर्षं मी न गळणाऱ्या वस्तू करतोय, सिग्नलही तसाच कोंडून ठेवला होता. निमूटपणे कात्री घेतली, झाकण आणि पुढची बाजू उडवली. उरलेला अर्धगोल अँटेनांच्या मागे उभा केला, तोंड आईच्या खोलीकडे.

रविवारी कॉल लागला. चित्र लख्ख.

दादाची गालफडं बसली होती. डोक्यावर केस नव्हते. मागे लोखंडी कॉट, सलाईनची बाटली. हे सगळं त्या चौकोनांमागे होतं आणि आम्ही नेटला शिव्या घालत होतो.

"आवाज येत नाहीये," दादा म्हणाला. "तुमचं चित्रही अडकलंय. नंतर करतो."

"काही अडकलेलं नाही," आई म्हणाली. "कधीपासून आहेस तिथे?"

दादाचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मला माझ्याच कारागिरीचा भयंकर राग आला. पत्रा उचलून रस्त्यावर फेकावासा वाटला.

"चार महिने," तो म्हणाला. "येऊन-जाऊन. तुला उगाच त्रास नको म्हणून..."

"बरं."

आईने फोन ठेवला नाही. तो उशीला टेकवला, दादा दिसत राहील असा, आणि पाय पलंगावरून खाली सोडले.

"माझी बॅग काढ," मला म्हणाली. "आणि तूही चल. तिथे जिना असेल तर मला धरायला कोणीतरी लागेल."