पोचूच्या खोपडीतली धुराची डबी

मोहर्लीच्या पोचूएवढ्या बिड्या अख्ख्या चांदा जिल्ह्यात कोनी पेत नव्हतं. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या त्या वयानं नाई, राखेनं. अशा मानसाले नानाजीनं आपल्या लॉजवर चौकीदार ठेवलं. लॉजवर सगळं गवताचं छत, आन चौकीदाराच्या तोंडात इंगळ.

मंग सरकारी साहेब आला आन म्हने, आग लागली तर बोंबलनारी मशीन बसवा, नाई तर लॉज बंद. नानाजीनं चांद्याहून वायरमन इनायतले बोलावलं. इनायतनं खोलीखोलीत धूर हुंगनाऱ्या डब्या लावल्या. दर डबीले तिचा नंबर, आन ऑफिसातल्या पॅनलवर त्या नंबराचं नाव. कुठी धूर निघाला का पॅनल बोंबलते आन कोनती खोली ते लिहून दाखवते. नानाजीले हे भलतंच आवडलं. त्यानं एक डबी कुंपनापाशी पोचू राह्यते त्या खोपडीतही लावाले सांगतली आन तिचं नावच ठेवलं, पोचू.

"मालक," इनायत म्हनला, "ह्या साऱ्या डब्या एकाच जोडतारेवर ओवल्या हायेत. तार एका वाटेनं जाते, दुसऱ्या वाटेनं पॅनलपाशी परतते. एका जागी तुटली तरी चालते. पन एका जागी दोन तारा भिडल्या का सारं बंद. म्हनून मधी मधी आयसोलेटर बसवाले लागतात. ते भिडलेला तुकडा बाजूले काढतात, बाकीचं बोलत राह्यते."

नानाजीनं इचारलं, ते बाहेरून दिसतात का. इनायत म्हनला, नाई.

"मंग जे दिसत नाई ते साहेबाले कसं दाखवू? राहू दे."

शिडी धरून उभ्या पोचूनं हे सारं आयकलं.

तवापासून नानाजीले खेळनंच भेटलं. पाहुन्यांले चहा पाजताना तो म्हने, वाघ दिसो का न दिसो, माहा पोचू दिसतेच. पॅनल बोंबललं का सारे हासत सुटत. पहिल्यांदा त्यानं पोचूले भर अंगनात कान धरून उभं केलं आन दोन्ही कानांत इझलेल्या बिड्या खोचल्या. पाहुन्यांनी फोटो काढले. दुसऱ्यांदा गुंडभर पानी त्याच्या अंथरुनावर ओतलं. आन सांगतलं, तिसऱ्यांदा नाव आलं का खोपडी खाली कर.

पोचू जाईन कुठी? गावातलं घर भावानं मोडून तिथी वांगे लावले होते.

म्हनून पोचू धूर गिळाले शिकला. दिवसभराचा धूर पोटात साठवे आन सकाळी तलावाच्या पल्याड जाऊन एकदम सोडे. सफारीच्या जिप्सीले लाइट लावून चालावं लागे. लोक म्हनत, यंदा धुकं मोप हाय. एकदा त्याले ढेकर आला तर उडता बगळा काळा पडून खाली बसला. पन एप्रिल लागला तवा पोट इतकं फुगलं का सदऱ्याच्या गुंड्या लागेनात.

तवा त्याले इनायतचं बोलनं आठोलं. तसंही ह्या भागात रानडुकरासाठी वावराले करंटची तार लावतात, आन ती मुकी कराची तर दोन तारा कशा भिडवाच्या हे सगळ्यांलेच ठाऊक. दुपारी पोचूनं डबी काढली, तारा दातानं सोलल्या आन वेनी घातल्यासारख्या एकमेकींत पिळल्या. मंग बिडी पेटवून आरामात बसला.

साऱ्या लॉजच्या डब्या मुक्या झाल्या. पॅनलनं बिघाड झाला म्हनून टीं-टीं लावलं, पन नानाजीले सारे आवाज सारखेच. त्याच्यासाठी पॅनल वाजलं म्हंजे पोचू. तो झोपेतून उठला तसाच बोळक्या तोंडानं धावला. त्याची सोन्याची कवळी उशीखाली होती, तेही भान नाई. साऱ्या पाहुन्यांले त्यानं मजा पाह्याले हाकारलं. पुऱ्या तळत असलेला सैपाकी दसरूही कढई चुलीवर सोडून आला.

नानाजीनं पोचूची वाकळ, भाताचा गंज, चटई एकेक करून धुळीत फेकली. पाहुने टाळ्या वाजवत होते. तिकडं कढईतल्या तेलानं पेट घेतला. सैपाकखोलीतल्या डबीनं धूर हुंगला, पन सांगनार कोनाले?

दसरूनं मागं पाह्यलं तवा जाळ छतावर चढून नानाजीच्या खोलीवर गेला होता. मानसं सारी बाहेर. नानाजीनं मोजून पाह्यली, सुटकेचा श्वास सोडला, आन मंग त्याचा हात तोंडाकडं गेला. कवळी.

रानातले वनवे इझवून आगीची चाल कळनारं मानूस म्हंजे पोचूच. नानाजीनं त्याचा दंड धरला.

"पोचूभाऊ, माह्या खोलीचं छत बसाले किती वेळ हाय?"

जल्मात पहिल्यांदा तो त्याले भाऊ म्हनला होता. पोचूनं छताकडं पाह्यलं. बांबूच्या बांधन्या पटपट तुटून राह्यल्या होत्या. मंग त्यानं धुळीतल्या वाकळीकडं पाह्यलं.

"लय वेळ हाय जी," तो म्हनला. "घाई नोका करू."

नानाजी आत गेला. गवताचं छत पडताना मोठा आवाज होत नाई. ते अंड्यांवर कोंबडी बसावी तसं हळूच बसते.

पाहुने बोंबलत पान्याले धावले. पोचूनं वाकळ उचलली, दोनदा झटकली, खोपडीत नेऊन सरळ अंथरली. खोपडी खाली कर म्हननारं आता कोनी राह्यलं नव्हतं.