दोन पांढऱ्या खाचा

कमलाकांतला तारापूरच्या रंगाच्या कारखान्यात लागून एकोणीस वर्षं झाली होती, आणि त्यातली शेवटची तीन त्याने खोकत काढली होती. पालघरच्या डॉक्टरांनी छाती तपासून सरळ सांगितलं, आधी त्या हवेतून बाहेर पडा, औषधांचं नंतर बघू. हे त्याने फक्त बायकोला, मंजुळेला, सांगितलं. पालघरजवळच्या माहीमच्या घरी म्हातारा बाप धर्माजी समजून चालला होता की पोरगा लपूनछपून बिड्या ओढतो. त्याबद्दल रोज दोन शिव्या ठरलेल्या. कमलाकांत त्या निमूट ऐकून घ्यायचा.

बाहेर पडायची वाट एकच होती. कारखान्यातून बाहेर पडलेल्या विश्रामभाऊंनी बोईसरला नकाशांचं ऑफिस काढलं होतं. दोन वर्षं दर रविवारी त्यांच्यापाशी बसून कमलाकांत कॉम्प्युटरवर पाइपांचे नकाशे काढायला शिकला. विश्रामभाऊ घरबसल्या कायमचं काम द्यायला तयार झाले, पण पहिला नकाशा शनिवारी हातात हवा. नाहीतर त्या कामावर मासवणचा एक जण टपूनच बसला होता.

कॉम्प्युटर घरात होता. कारखान्याच्या ऑफिसातून चार वर्षं वापरून काढून टाकलेला. पण त्याचं डिस्प्ले कार्ड इतकं दुबळं की नकाशा उघडला की पडदा अर्ध्यावर गोठायचा. नवं कार्ड बसवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तो बोईसरच्या दुकानात गेला. दुकानदाराने काचेवर तीन कार्डं मांडली. कमलाकांत काही कच्चा गडी नव्हता. कॉम्प्युटरसोबत आलेलं पुस्तक त्याने चारदा वाचलं होतं. आत कार्डं खोवायला तीन लांब काळ्या खाचा, दोन आखूड पांढऱ्या.

"ये सबसे नया है," दुकानदार म्हणाला.

"याची खाच माझ्या कॉम्प्युटरमध्ये नाही. याला तपकिरी लागते."

"तो ये लो, काले वाला."

"त्याला मेमरी कमी. नकाशा उचलणार नाही. मला पांढऱ्या खाचेतलं द्या, दोन एमबीचं."

दुकानदाराने मान डोलावली. कमलाकांतला स्वतःचा एवढा अभिमान आयुष्यात वाटला नव्हता. एसटीत तो पिशवी पोटाशी धरून बसला आणि मनातल्या मनात राजीनामा लिहून मोकळा झाला. दुपारची पाळी तीनला होती. आजची शेवटचीच, असं त्याने ठरवून टाकलं.

घरी येऊन त्याने कॉम्प्युटरच्या खोक्याचे स्क्रू काढले. झाकण उचलून आत पाहिलं.

दोन्ही पांढऱ्या खाचा काठोकाठ राळेने भरलेल्या होत्या.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी खारी हवा आत जाऊ नये म्हणून त्याने बापाला कॉम्प्युटरच्या मागच्या फटी बुजवायला सांगितलं होतं आणि स्वतः पाळीवर गेला होता. धर्माजीने जन्मभर होड्यांचे सांधे भरलेले. कापूस ठासायचा, वर राळ ओतायची. त्याच्या लेखी नुसतं बाहेरून बुजवणं म्हणजे लबाडी. त्याने खोकं उघडलं, ज्यात काही खोवलेलं नव्हतं ती प्रत्येक खाच भरली आणि झाकण लावलं. कमलाकांतने पुस्तक चारदा वाचलं, पण खोकं उघडून एकदाही पाहिलं नव्हतं.

"बा, हे काय केलंस?"

"पानी शिरू नये म्हनून केलं. का, गळतंय काय?"

कमलाकांतने सुई तापवून पहिल्या खाचेतली राळ कोरायला घेतली. राळेआधी प्लास्टिकच वितळलं. दुसऱ्या खाचेला धर्माजी स्वतः बसला. आपली बारीक पटाशी घेऊन, श्वास रोखून, एकेक कण काढत. अर्धा तास गेला. मग आतली पितळी पट्टी राळेला चिकटून वर आली, तिच्यामागून दुसरी.

"मोडली," धर्माजी म्हणाला. "माझी राळ कंदी निघाली नाय रं. होडीची फळीच बदलतात."

"आता काहीच होणार नाही."

"नाय तर नाय. नोकरी हाय ना तुला?"

आणि कमलाकांतचा बांध फुटला. "बा, मी बिडी ओढत नाही. कधीच ओढली नाही. तिथल्या वाफेने छाती गेलीय माझी. मी तिथं मरतोय, बा!" खोकल्याने पुढचं बोलूच दिलं नाही. मंजुळा पाणी घेऊन धावली.

म्हातारा उठला, खुंटीवरचा धुतलेला सदरा काढला आणि अंगात चढवू लागला.

"कुठं निघालास?"

"तुझ्या सायबाकडं. एकोनवीस वर्सांमागं टोपलीभर सरंगे मासे घेऊन त्याच्या दारात उभा राह्यलो होतो. दर्यात नको, कंपनीत घ्या माझ्या पोराला, असं पाया पडून सांगितलं. मीच तुला लावला. मीच सोडवून आनतो."

तो साहेब कधीच निवृत्त झाला होता. आणि सोडवायचं तरी कुणापासून? कारखान्याच्या फाटकावर कमलाकांतला कुणी धरून ठेवलं नव्हतं. तो रोज आपल्या पायांनी आत जात होता. हे बापाला कसं सांगावं ते त्याला कळेना.

राळेने चिकट झालेल्या बोटांनी धर्माजीला बटणं लागेनात. कमलाकांतने ती एकेक करून लावून दिली, मंजुळेच्या हातून डबा घेतला, आणि पाळीची वेळ झाली म्हणून दोघे एसटीच्या थांब्याकडे निघाले.